अकरा वर्षांच्या पाकळ्या

सिनेमा बघून बाहेर पडलेले लोक नायिकेबद्दल बोलतात, दिग्दर्शकाबद्दल बोलतात, फार तर पडद्यावरच्या घोड्याबद्दल बोलतात. सकाळी साडेपाचला साठ माणसांच्या हातात गरम कॉफी कुणी दिली, याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. इर्मट्राउट डोब्रिकला या गोष्टीचा मनापासून राग होता आणि तिने तो कधी लपवला नाही. "कॅमेऱ्याला डोळा असतो, मान्य," ती म्हणायची, "पण त्या डोळ्यामागे साठ पोटं असतात. ती माझ्याकडे असतात."

ती बाबेल्सबर्गच्या विणकर आळीतली. लढाईच्या दिवसांत पॉट्सडामच्या ट्रामवर कंडक्टर होती. तिथं ती दोन गोष्टी पक्क्या शिकली. एक, मिनिट म्हणजे मिनिट. दोन, पोटातून आवाज काढून "पुढे सरका!" म्हटलं की कर्नलसुद्धा मुकाट पुढे सरकतो. लढाई संपली, ट्रामचे रूळ उखडलेले होते, म्हणून ती आळीच्या पलीकडच्या स्टुडिओत टायपिंगला लागली. तिसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीकडची खुर्ची, आणि रोज दुपारी एकच काम: उद्याचं कॉलशीट टाइप करायचं. उद्या कोण येणार, किती वाजता, कुठल्या दारातून, कुठल्या कपड्यात, घोडे किती, गाड्या किती, सूप कधी.

कागदावर आलेलं मुकाट टाइप करणं तिला जमलं नाही. "साहेब, घोडे सात लिहिलेत. गाडीत चार मावतात. तीन काय धावत येणार?" असं ती मोठमोठ्या प्रॉडक्शन मॅनेजरांना तोंडावर विचारायची. ते आधी चिडायचे. मग हळूच कागद तिच्याकडे आधी पाठवू लागले. पुढे तिला शूटिंगवर नेऊ लागले, गर्दी आवरायला, सूप वाटायला, रुसलेल्या नटाला मोटारीतून बाहेर काढायला. अकरा वर्षं झाली. काम तिचं आणि पडद्यावर नाव दुसऱ्याचं, असे चौदा सिनेमे तिने मोजले होते. मोजले होते म्हणजे पाठ होते.

सत्तावन सालच्या फेब्रुवारीत प्रॉडक्शन मॅनेजर फ्रोम साहेबांच्या पित्ताशयात खडे निघाले. सिनेमा तर ठरलेला: चेरीच्या बागेतलं लग्न, तेही खऱ्या फुलोऱ्यात. स्टुडिओचं सगळं निर्मितीखातं ज्यांच्या हाताखाली होतं त्या नायडेल साहेबांनी इर्मट्राउटला बोलावलं. साहेब डोक्यावरची टोपी ऑफिसातही काढत नसत.

"डोब्रिकबाई, तुम्हाला सगळं येतं असं तुम्ही सगळ्यांना सांगत असता म्हणे."

"सगळ्यांना नाही. विचारणाऱ्यांना."

"बरं. चाळीस दिवसांचं शूटिंग. विसाव्या दिवशी मी स्वतः येईन. त्या दिवशी लग्नाचा प्रसंग पुरा झालेला असेल तर सिनेमावर नाव तुमचं, पुढचा सिनेमाही तुमचा. नसेल तर..." साहेबांनी बोट वर, तिसऱ्या मजल्याकडे केलं. "खुर्ची तुमची तशीच आहे."

"खुर्चीवर कुणाला तरी बसवा साहेब," इर्मट्राउट म्हणाली. "रिकामी राहून धूळ खाईल."

बाहेर आल्यावर मात्र जिन्यात तिची पायरी चुकली. तिने कठड्याला धरून जिन्यालाच एक शिवी दिली आणि खाली उतरली.

हाफेल नदीच्या काठी लिंडेविट्स नावाचं गाव. सगळं गाव फळांवर जगणारं. तिथली सगळ्यात देखणी बाग ओटिली ग्रुट्सके या बाईंची. साठीच्या पुढच्या, अंगानं काटकुळ्या, जिभेनं दणकट. इर्मट्राउट सायकल मारत तिथं पोचली तेव्हा ओटिलीबाई शिडीवर चढून फांद्या छाटत होत्या. खाली बघून म्हणाल्या, "सिनेमावाली का गं तू? हात रिकामे दिसतायत. ती करवत दे वर."

इर्मट्राउटने करवत दिली. मग दुसऱ्या झाडाला शिडी लावून स्वतः चढली. दिवसभर छाटणी झाल्यावर ओटिलीबाईंनी बटाटे आणि जवसाचं तेल घातलेलं घट्ट दही तिच्यापुढे ठेवलं आणि बाग दिली. अट एकच: "फांदी मोडायची नाही, अन् माझ्या मधमाश्यांच्या पेट्या हलवायच्या नाहीत."

"एक पान हलणार नाही," इर्मट्राउट म्हणाली. शब्द दिला तिनं. लक्षात ठेवा.

एप्रिलमध्ये ऊन असं तापलं की कळ्या पाच दिवस आधीच उमलायला निघाल्या. ओटिलीबाईंचं रोज एक पोस्टकार्ड यायचं, त्यावर एकच ओळ. "फुगल्यात." मग "टोक पांढरं दिसतंय." मग "आता ये नाहीतर बसशील." इर्मट्राउटने भिंतीवरच्या चाळीस दिवसांच्या चाळीस पट्ट्या काढल्या आणि सकाळपर्यंत नव्याने लावल्या. शिंप्याला आधी, न्हाव्याला नंतर. नवरदेवाचं काम करणारा नट ड्रेस्डेनच्या नाटकात अडकलेला, त्याला तीन दिवसांसाठी सोडवून आणला. अठराव्या दिवशी अख्खी टोळी लिंडेविट्समध्ये उतरली. बाग अशी फुलली होती की कॅमेरावाला टोपी काढून उभा राहिला.

एकोणिसाव्या दिवशी दुपारपर्यंत सगळं घड्याळाबरहुकूम चाललं. वरात झाली, पाद्रीबाबांचं झालं. उरला तो मुख्य तुकडा. नवरा-नवरी बागेतल्या वाटेने येतात आणि त्यांच्यावर पाकळ्यांचा वर्षाव होतो. दिग्दर्शक आस्टफाल्क साहेबांनी सगळा सिनेमा या एका वर्षावासाठी केला होता. पांढरी दाढी, गळ्यात रुमाल, आणि बोलताना डोळे मिटायची सवय.

वर्षावासाठी पंखा आणला होता. जुन्या विमानाचं इंजिन, पुढे पातं, खाली चाकं. सामानखात्याच्या बोडोने तो झाडांच्या ओळीकडे तोंड करून लावला. कॉलशीटवर तशी नोंदच होती: "पंखा – १." टाइप केली होती खुद्द इर्मट्राउटने.

बोडोने इंजिन चालू केलं. गरागरा आवाज झाला, फांद्या वाकल्या आणि पाकळ्यांचा असा लोट उठला की सगळ्यांच्या तोंडून एकदम "आहाहा" निघालं.

"आणखी!" आस्टफाल्क ओरडले. डोळे मिटून. "आणखी, बोडो, आणखी!"

तेवढ्यात पंख्यासमोर एक बाई येऊन उभी राहिली. ओटिलीबाई. कमरेचा ॲप्रन वाऱ्याने तोंडावर उडालेला, हातात दंताळं. बोडोने घाबरून इंजिन बंद केलं.

"अहो बाई, कापली गेली असती ना मान!"

"माझी मान जुनी झालीय," ओटिलीबाई म्हणाल्या. "कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

सगळ्यांनी इर्मट्राउटकडे पाहिलं. ती भडकलेलीच होती. घड्याळात तीन वाजले होते.

"माझ्या! आणि फांदी एक मोडलेली नाही, पेटी एक हललेली नाही. चार पाकळ्या पडल्या तर काय आकाश कोसळलं? तशाही त्या आठवड्यात गळणारच ना!"

ओटिलीबाईंनी दंताळं टाकलं, तिचं मनगट धरलं आणि तिला झाडाखाली नेलं. फांदी खाली ओढून एक फूल तिच्या नाकासमोर धरलं.

"आत मधोमध काडी दिसते? हिरवी. तिच्यावर अजून माशी बसलेली नाही. फुलं नुकती उघडलीत, माश्या उद्या बसायच्यात. तू उडवलंस ते फूल नाही गं बाई. जूनमधली चेरी उडवलीस."

इर्मट्राउट त्या फुलाकडे बघत राहिली. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. सिनेमावाल्यांना बाग म्हणजे पडदा वाटतो, मागे लावलेला. पडदा जून महिन्यात खायचा असतो हे तिच्या टोळीतल्या साठांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आणि तीसुद्धा त्या साठांतलीच निघाली. फेब्रुवारीत शिडीवर चढून छाटणी करूनसुद्धा!

"किती गेल्या?" तिने विचारलं.

"तीन झाडं गेली. ओळीत बावीस आहेत."

इर्मट्राउट मागे वळली. "बोडो, पंखा गाडीत चढव. आत्ता. कॉलशीटवरून पंखा रद्द."

आस्टफाल्क साहेबांनी डोळे उघडले. "पंखा नाही तर पाकळ्या नाहीत. पाकळ्या नाहीत तर लग्न नाही. लग्न नाही तर सिनेमा नाही. मी मोटारीत बसतो."

आणि ते खरोखर जाऊन मोटारीत बसले. दार लावलं. काच वर केली.

आता बघा. नवरदेव उद्या संध्याकाळच्या गाडीने ड्रेस्डेनला परत. उद्या विसावा दिवस, नायडेल साहेब येणार. उद्याच माथ्याचं जेवणही. सिनेमावाल्यांचा हा जुना रिवाज आहे, की शूटिंग म्हणजे डोंगर, अर्धे दिवस झाले की आपण माथ्यावर, आणि त्या दिवशी प्रॉडक्शन मॅनेजरने स्वतःच्या हाताने सगळ्यांना वाढायचं. चुकलं की पुढचे अर्धे दिवस नासतात म्हणतात. इर्मट्राउट असल्या गोष्टी मानत नसे, पण वाटाणे तिने सकाळीच भिजत घातले होते.

तिने मोटारीची काच ठोठावली. "आस्टफाल्क साहेब, काच खाली घ्या."

साहेब आतून मान हलवत राहिले.

तेव्हा तिचा पारा जो चढला तो चढलाच. हातात आजचं कॉलशीट होतं. ते तिने टराटरा फाडलं, आणखी फाडलं, बारीक बारीक केलं आणि मोटारीच्या टपावर भिरकावलं. "घ्या! ही तुमची विसाव्या दिवसाची लग्नपत्रिका!"

नदीकडून झुळूक आली. कपटे वर गेले, उन्हात गिरक्या घेतल्या आणि आरामात, अगदी आरामात, मोटारीच्या काचेवरून खाली उतरले.

काच खाली आली. आतून दाढी बाहेर आली.

"हे काय होतं?"

"माझा राग होता."

"पुन्हा कर."

इर्मट्राउटने त्यांच्याकडे पाहिलं. मग कपट्यांकडे. मग ती जी धावली ती थेट गावातल्या गुत्त्यातल्या टेलिफोनपाशी.

तिसऱ्या मजल्यावर फोन हेडीने उचलला. हेडी म्हणजे टायपिंगच्या खोलीतली सगळ्यात जुनी बाई, इर्मट्राउटच्या शेजारच्या टेबलावरची.

"हेडे, आपलं मोठं लोखंडी कपाट आहे ना, त्यात माझी कॉलशीटं किती आहेत?"

"सगळी. अकरा वर्षांची. दार लागत नाही त्यामुळे. का गं?"

"घेऊन या. सगळी. कात्र्यापण. आणि सगळ्याजणी या, उद्या पहाटेच्या बसने."

"अगं ट्राउडे, पण कागद दहा वर्षं सांभाळायचे असा नियम आहे!"

"मग पहिलं वर्ष आधी काप. ते नियमातून सुटलंय."

पलीकडून हसण्याचा खोकला ऐकू आला. "आणि टेलिफोन कोण उचलणार?"

"वाजू दे की. दमला की थांबेल."

सकाळी सहाला स्टुडिओची बस बागेपाशी थांबली आणि नऊ टायपिस्ट बायका उतरल्या. चांगले बूट घालून, गवतातलं दव बघून किंचाळत. गावातल्या बाया आल्या, आपापल्या कात्र्या घेऊन. ओटिलीबाईंनी फळं तोडायच्या लांब बाकावर सगळ्यांना बसवलं आणि एक खरी पाकळी मधोमध ठेवली. "ही बघा अन् कापा. टोकाला अशी खाच हवी. गोल कापाल तर बटणं दिसतील."

कापता कापता वाचनही चाललं होतं.

"हे बघा, अठ्ठेचाळीस साल. 'सहा सैनिक, पैकी दोन दाढीवाले.'"

"आणि हे! 'राजकन्येला सर्दी. सुंठीचा चहा.' ट्राउडे, ही राजकन्या कोण गं?"

"नाव सांगणार नाही. शिंकताना मुकुट पडायचा तिचा."

"'बकरी, शांत स्वभावाची, एक.' मिळाली होती का?"

"मिळाली. दिग्दर्शक तेवढा शांत नव्हता."

बाकावर हसून हसून कात्र्या थांबल्या. इर्मट्राउट मोठ्या कढईत वाटाण्याचं सूप ढवळत उभी होती, आणि तिच्या अकरा वर्षांच्या दुपारी टोपल्यांत पांढऱ्या होऊन पडत होत्या. तिला वाईट वाटेल असं हेडीला वाटलं होतं. इर्मट्राउट म्हणाली, "वाईट कसलं? कपाटात बसून काय पेन्शन मिळणार होतं त्यांना?"

दहा वाजता शिड्या लागल्या. टायपिस्ट बायका टोपल्या घेऊन झाडांआड वर चढल्या. मधमाश्या उडायला लागल्या होत्या. ओटिलीबाई पेट्यांच्या तोंडाशी ॲप्रन पसरून राखण करत उभ्या. "कागद आत गेला तर माशी वाचत बसेल," त्या बोडोला म्हणाल्या.

पहिल्या वेळी कागद दवाने ओलसर होता. पाकळ्या गोळा होऊन थाप्पकन् नवरीच्या डोक्यात. नवरी खिदळायला लागली. इर्मट्राउटने टोपल्या सुपाच्या भट्टीपाशी आणून शेकवल्या.

दुसऱ्या वेळी हेडीने जोशात अख्खी टोपलीच उलटी केली. नवरदेव दिसेनासा झाला.

आणि बरोबर त्याच वेळी नायडेल साहेबांची मोटार येऊन थांबली.

साहेब टोपी घालून उतरले. शिड्यांवर नऊ टायपिस्ट. खाली गवतात कागद. कढईपाशी प्रॉडक्शन मॅनेजर, हातात पळी.

"डोब्रिकबाई. तिसऱ्या मजल्यावर टेलिफोन कोण उचलतंय?"

"कोणी नाही."

"लग्न झालं?"

"नाही. दोनदा फसलं. आता तिसऱ्यांदा लागेल. तुम्ही तिथं उभे राहू नका साहेब, सावली पडतेय. पुढे सरका!"

तोच आवाज, ट्रामवरचा. नायडेल साहेब पुढे सरकले. सरकल्यावर आपण सरकलो हे त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर आस्टफाल्कांनी हात वर केला होता आणि कॅमेरा चालू झाला होता.

इर्मट्राउटने पळी घट्ट धरली. नदीकडे पाहिलं. झुळूक नव्हती. एक श्वास गेला, दोन गेले. नवरा-नवरी झाडांच्या ओळीत आले. आणि मग गवताची टोकं हलली. तिने पळी खाली केली. शिड्यांवरून नऊ हात हलके हलके झटकले गेले.

पाकळ्या उतरल्या. काही सरळ, काही गिरक्या घेत, एक तर थेट नवरीच्या पापणीवर. नवरीने ती काढली नाही. वर बघितलं आणि हसली. नवरदेव तिच्याकडे बघायचं विसरून वर बघत राहिला. कडेला वऱ्हाडी म्हणून उभं असलेलं गाव वर बघायला लागलं, कुणी सांगितलं नव्हतं तरी. खऱ्या फुलांवर मधमाश्यांची गुणगुण चालू होती.

आस्टफाल्कांनी यावेळी डोळे मिटले नाहीत. "झालं," ते म्हणाले. "लग्न लागलं."

जो गलका उठला! टायपिस्ट बायका शिड्यांवरून टाळ्या वाजवायला लागल्या, हेडी पडता पडता वाचली, बोडोने ओटिलीबाईंना उचललं आणि त्यांनी त्याच्या पाठीत एक रट्टा घातला.

नायडेल साहेबांनी टोपीवरून एक पाकळी काढली. उलटी केली. चष्मा लावून वाचली.

"'दुपारी बारा. सूप.'"

"बाराच वाजलेत," इर्मट्राउट म्हणाली. "ताट घ्या. रांगेत."

"हे कागद दहा वर्षं जपायचे असतात, डोब्रिकबाई."

"जपलेत की. फिल्मवर. दहा काय, शंभर वर्षं राहतील."

साहेबांनी ताट घेतलं. रांगेत नवरीच्या मागे, बोडोच्या पुढे उभे राहिले. सूप खाताना त्यांनी दुसऱ्यांदा मागितलं, हे हेडीने आयुष्यभर सगळ्यांना सांगितलं. ओटिलीबाईंनी तळघरातून चेरीची वाइन काढली. टोळी आणि गाव एका बाकावर बसलं. माथ्याचं जेवण सूर्य कलेपर्यंत चाललं. नवरदेवाची ड्रेस्डेनची गाडी चुकता चुकता राहिली.

जूनमध्ये स्टुडिओच्या फाटकाशी चेरीची टोपली आली. चिठ्ठीत एक ओळ: "एकोणीस झाडांच्या आहेत. तीन झाडं तुझ्या हिशोबात." इर्मट्राउटने निम्म्या तिसऱ्या मजल्यावर वाटल्या, निम्म्या नायडेल साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. मग टायपिंगच्या खोलीतली आपली खुर्ची उचलून डोक्यावर घेतली आणि जिना उतरून आपल्या नव्या खोलीत नेली. "माझ्या बैठकीची झालीय ती," ती म्हणाली. पुढे त्या खुर्चीवर बसून तिने सव्वीस सिनेमे केले. पंखा तिच्या कॉलशीटवर पुन्हा कधी लागलाच तर शेजारी कंसात लिहिलेलं असे: "आधी मालकिणीला विचारा."

पण ते सगळं नंतरचं. त्या वर्षीच्या शरदात फिरत्या गाडीवरून तो सिनेमा लिंडेविट्सच्या सभागृहात आला. इर्मट्राउट सायकलवरून आली आणि ओटिलीबाईंशेजारी बसली. नवा फ्रॉक, इस्त्री केलेला. दिवे गेले, नावं सुरू झाली. पण गाव अजून स्थिरस्थावर व्हायचं होतं. खुर्च्या करकरत होत्या, कुणी पोराला शोधत होतं, कुणी "हे आपलंच झाड!" म्हणून उभं राहून पडदा अडवत होतं. आणि त्या गोंधळात "प्रॉडक्शन मॅनेजर" अशी ओळ आली आणि गेली. इर्मट्राउटने ती पाहिली. शेजारच्या लठ्ठ माणसाच्या टोपीमागून, अर्धी.

तिने फ्रॉकची घडी सरळ केली. चौदा सिनेमे नाव न दिसण्याचा सराव होता.

"थांबव!" शेजारून आवाज आला. ओटिलीबाई उभ्या होत्या. "ए पोरा, थांबव ते! मागं घे!"

मशीनवाला मागून ओरडला, "असं मागं घेता येत नाही, मावशी!"

"विमान बागेत आणता येतं अन् रीळ मागं घेता येत नाही? आमच्या बाईचं नाव गेलं त्यात. मागं घे म्हणते ना!"

दिवे लागले. मशीनवाल्याने कुरकुरत रीळ हाताने उलटं फिरवलं. गाव चिडीचूप बसलं. लठ्ठ माणसाने टोपी काढली. दिवे गेले, आणि पांढऱ्या फुलांवर काळ्या अक्षरांत नाव आलं. इर्मट्राउट डोब्रिक. सगळ्या सभागृहाने ते मोठ्याने, एका सुरात वाचलं.

"दिसलं का नीट?" ओटिलीबाईंनी विचारलं.

"दिसलं," इर्मट्राउट म्हणाली, आणि नाक पुसून पुढच्या रांगेवर खेकसली, "आता खाली बसा! लग्न यायचंय!"